औषधं बदलूनही आईचं डिप्रेशन जात नाही, डॉक्टर टीएमएस म्हणतायत. हे शॉकच ना?

नाही, हे शॉक नाही, आणि दोन औषधांनी फरक पडला नसेल तर नक्की करून बघण्यासारखं आहे. शॉकमध्ये म्हणजे ईसीटीत भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, इथे भूल नाही, आई खुर्चीत पूर्ण शुद्धीत असते, डोक्याला पुढून डावीकडे कॉइल टेकवतात आणि चुंबकीय लहरींनी मेंदूचा तो भाग परत परत चेतवतात, टकटक आवाज येतो, काहींचं डोकं दुखतं. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्येच मान्यता दिलीय. नेहमीचं सेशन साधारण ३७ मिनिटांचं, पण २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या कॅनडाच्या अभ्यासात ३ मिनिटांचं थीटा बर्स्ट, म्हणजे टीएमएसचाच झटपट प्रकारही तितकाच लागू पडला, त्यामुळे कुठलं देणार ते विचारून घ्या, कारण आठवड्यातले ५ दिवस असं ४ ते ६ आठवडे जावं लागतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल किंवा पूर्वी फिट आली असेल तर आधीच सांगा. आणि आईने खाणंपिणं सोडलं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, तिथे ईसीटीच लवकर काम करतं, त्याला घाबरू नका.