उरलेले हॉप्स आधी फ्रीजरमध्ये टाका

घरच्या बिअरची पहिली बॅच झाली की सामान उरतंच, पण सगळ्याची सारखी काळजी नको. आधी हॉप्स सांभाळा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वाळवलेली फुलं. हवा, ऊब आणि उजेड हे तिन्ही त्यांचे वैरी. पाकीट उघडलं की कडवटपणा देणारी अल्फा आम्लं घटत जातात, सुगंधही उडतो. व्हॅक्यूम सीलर असेल तर उत्तम, नसेल तर झिपच्या पिशवीतली हवा दाबून काढा, वरून फॉइल गुंडाळा आणि उणे १८ अंशांवर ठेवा. पिशवीवर जात, अल्फाची टक्केवारी आणि तारीख लिहाच, कारण ही फुलं दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. जुन्या चीजसारखा वास आला तर सरळ फेका.

माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, कोरडा, हवाबंद डबा पुरे. अख्खं धान्य वर्षभर टिकतं, भरडलेलं काही आठवड्यांत संपवा. (म्हणूनच मी हातगिरणी घ्या म्हणतो.) सुक्या माल्ट अर्काला दमट हवा लागली की त्याची गुळाच्या ढेपेसारखी गाठ होते; फेकू नका, गरम पाण्यात विरघळते.

यीस्टचं अर्धं पाकीट नीट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याभरात वापरा. त्यापुढे नवंच फोडा. जुन्यात किती पेशी जिवंत आहेत, ते नुसतं बघून कळत नाही.