इड, इगो, सुपरइगो: सुपरइगो बळकट केला तर आळस जाईल का?

तुम्ही विचारलंय की मनाचे इड (आतून उसळणाऱ्या इच्छा), इगो (वाट काढणारा व्यवहारी भाग) आणि सुपरइगो (चूक-बरोबर सांगत रागावणारा भाग) असे तीन भाग असतील, तर सुपरइगो बळकट करून मोबाइल आणि आळस सुटेल का. आणि ठरवलेला अभ्यास झाला नाही की स्वतःला एक वेळ उपाशी ठेवता, ते योग्य का. मी मानसशास्त्र शिकवते. माझ्या मते, दोन्हींचं उत्तर नाही.

इड वाईट, सुपरइगो चांगला आणि दोघांच्या मधे इगो, हे चित्र गाइडमधून डोक्यात बसतं. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९२३ मध्ये हे तीन भाग मांडले ते वेगळ्याच अडचणीतून. त्याआधी त्याची मुख्य विभागणी जाणीव आणि नेणीव (मनाचा आपल्याला न कळणारा भाग) अशी होती: दडपलेल्या इच्छा नेणिवेत, त्यांना अडवणारा भाग जाणिवेच्या बाजूला. पण व्हिएन्नातले त्याचे रुग्ण बोलता बोलता नाजूक जागी अडखळत, विषय बदलत, आणि आपण काही टाळतोय याचा त्यांना पत्ताच नसे. म्हणजे अडवणाराही नेणिवेतच होता. शिवाय काही जणांना उतार पडू लागला, की त्यांचं उलट बिघडे. आजार ही त्यांची शिक्षा होती आणि ती सुटायला नको होती, असा अर्थ फ्रॉइडने लावला. अपराधीपणासुद्धा नकळत असू शकतो, हे दिसल्यावर जुनी विभागणी अपुरी पडली.

म्हणून सुपरइगोकडे नीट बघा. आईवडिलांचा धाक मूल आत घेतं, त्यातून तो घडतो, इतकं पुस्तकात असतंच. पण त्याला एवढा जोर कुठून येतो? फ्रॉइडचं म्हणणं असं, की जो राग आपल्याला बाहेर काढता येत नाही, तो सुपरइगोच्या हाती लागतो आणि आपल्यावरच उलटतो. आईवडिलांना आपली कृती दिसते. सुपरइगोला नुसती इच्छाही दिसते, आणि तो तिचीही शिक्षा देतो. म्हणून सरळमार्गी माणसाला टोचणी कमी नाही, उलट जास्त लागते. मला हा फ्रॉइडचा सगळ्यात मोलाचा विचार वाटतो.

तुमच्या उपवासाचं मला असं दिसतं: शिक्षा भोगली की हिशेब फिटतो आणि मोबाइल पुन्हा हातात घ्यायला मन मोकळं होतं. अभ्यास तिथेच राहतो. जोर वाढवायचा तर इगोचा. इड, सुपरइगो आणि बाहेरचं जग अशा तीन धन्यांची चाकरी करत वाट काढणारा तोच. अभ्यासाला बसताना नक्की कशाची भीती वाटते, हे शांतपणे बघणं त्याचं काम, आणि सुपरइगोचा ओरडा चालू असताना ते होत नाही.

हे तीन भाग मेंदूत बोट ठेवून दाखवता येत नाहीत. हा सिद्धांत चुकीचा ठरवायची सोयच नाही, हा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेपही मला वजनदार वाटतो. तरी स्वतःवर तुटून पडणाऱ्या माणसाला समजून घेताना हा सिद्धांत मला उपयोगी पडतो.

पुढच्या वेळी मन रागवू लागलं की ते नेमकं काय म्हणतं ते लिहून काढा. ती वाक्यं कदाचित घरातल्या कुणाची असतील, कदाचित त्यांच्याही आधीच्या पिढीची. मूल आईवडिलांचा सुपरइगोच उचलतं, असं फ्रॉइडने १९३३ मध्ये लिहिलं होतं. जेवण सोडणं मात्र आजच थांबवा. थांबत नसेल तर समुपदेशकाला भेटा, किंवा १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोला.