‘सगळं मीच केलं, मग नाव सगळ्यांचं का?’

“मॅडम, ग्रुपमधून आपलं नाव काढून घेता येतं का?”

खुर्चीत बसायच्या आधीच तिनं विचारलं. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. सहा जणांनी मिळून आठ मिनिटांची शॉर्टफिल्म करायची होती, सबमिशनला बारा दिवस उरले होते. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. बॅग तिनं खाली ठेवली नाही, मांडीवर घट्ट धरून बसली. आत हार्ड डिस्क होती. सगळं फुटेज त्या एका डिस्कवर.

हा अनुभव मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि नावं देत नाही, कोण काय काम करत होतं त्यावरूनच सांगते. लिहावंसं वाटलं कारण दर सत्राच्या शेवटी हीच तक्रार घेऊन कोणी ना कोणी येतंच. प्रोजेक्ट सगळ्यांचा, राबायचं मात्र एकट्यानं. पालकही विचारतात, “आमची मुलगी रात्र रात्र जागते, बाकीचे फुकटचे मार्क घेतात, काय करावं?”

तिला मी आधी एवढंच म्हटलं, “आज घरी गेल्यावर या डिस्कची कॉपी काढ. दोन काढ. एक ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहू दे.” तिला आश्चर्य वाटलं. समुपदेशनाला आले आणि मॅडम डिस्कचं काय सांगतात! पण दोन दिवसांचं शूट एका डिस्कवर घेऊन फिरणाऱ्या माणसाला झोप कशी लागेल? शिवाय ती डिस्क फक्त तिच्याकडे होती, यातही काहीतरी होतं. त्यावर आम्ही नंतर आलो.

मग तिचं ऐकून घेतलं. स्क्रिप्ट तिनं लिहिली. अकरा पानं झाली. साधारण एका पानाला पडद्यावर एक मिनिट लागतं असा ढोबळ हिशोब असतो, म्हणजे सुरुवातच तीन मिनिटांच्या ओझ्यानं झाली. शॉट लिस्टमध्ये ४३ शॉट होते. पहिल्या दिवशी तीन तास उशीर झाला, दोन दिवसांत २९ शॉट कसेबसे झाले. दिग्दर्शन तिचं, एडिट तिचा. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे शेवटचे चार मेसेज निळ्या टिका घेऊन पडून होते. “कुणीतरी जरा मदत करा प्लीज,” असा त्यातला शेवटचा.

तासाच्या शेवटी मी विचारलं, “एकूण कामातलं तुझं किती टक्के?”

“ऐंशी,” ती लगेच म्हणाली. आकडा मी लिहून ठेवला, वाद घातला नाही. ती थकली होती, आणि थकवा खरा होता. “ग्रुपवर्क असंच असतं, ॲडजस्ट कर” हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. त्यानं मूल पुन्हा कधी काही सांगायला येत नाही.

दुसऱ्या भेटीत मी तिला एक कागद दिला. कामांची यादी तिनं आधीच तोंडपाठ केली होती, ती मला नको होती. म्हटलं, निर्णयांची यादी कर. लोकेशन कोणी ठरवलं? एकच शॉट पुन्हा पुन्हा घेतला, त्यातला कुठला टेक ओके, हे कोणी म्हटलं? कॅमेरा कुठे लावायचा? एखादा शॉट गाळायचा ठरला तेव्हा कोण बोललं? एडिटची सुरुवात कुठून करायची? पुढे नाव लिही.

तिनं लिहायला घेतलं. तिचं नाव. पुन्हा तिचं नाव. सातव्या-आठव्या ओळीला पेन थांबलं.

“लोकेशन त्या प्रॉडक्शनवाल्या मुलानं शोधलं होतं,” ती म्हणाली. “पण फायनल मीच केलं.”

माझ्या पाहण्यात बहुतेक गटांचं घोडं इथेच अडतं. कामं वाटलेली असतात, निर्णय वाटलेले नसतात. कॅमेरा एकीच्या हातात, पण फ्रेम दुसरीची. मग कॅमेरा धरणारीला वाटतं की आपण स्टँड आहोत, आणि निर्णय घेणारीला वाटतं की सगळं मीच करते आहे. दोघींचंही खरं असतं. मंडळी आळशी असतात असं नाही, फक्त ज्याच्यावाचून काम अडेल असं काही त्यांच्या हाती उरलेलं नसतं.

रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्यानं दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, १९१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी पडतो, असं त्याला दिसलं. जोर जुळत नाही हे त्याचं एक कारण. दुसरं कारण पुढे १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या संशोधकांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तपासलं: गटात माणूस नकळत कमी जोर लावतो. मला त्याच संशोधकांनी नंतर दाखवलेली गोष्ट जास्त मोलाची वाटते. आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, की ही ढिलाई जवळजवळ नाहीशी होते. खरं तर शॉर्टफिल्ममध्ये हे आपोआप व्हायला हवं. फोकस गेला तर कुणाचा, आवाज फाटला तर कुणाचा, हे लपत नाही. पण सगळे धागे एकीनंच हातात धरले, की कुणाचाच वाटा वेगळा दिसत नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. तिला विचारलं, “आत्ता एडिटमध्ये नेमकं कुठे अडलीस?”

तिनं फोनवर तिसरा सीन लावला. दोन मित्र खोलीत बसून बोलतायत. “तू गेलास तेव्हा...” असं एक वाक्य, मग थोडी शांतता, मग दुसऱ्याचं उत्तर. त्या मधल्या शांततेत काहीतरी विचित्र वाटत होतं. कानाला दडा बसल्यासारखं.

“भोकं पडतायत,” ती म्हणाली. “दोन रात्री झाल्या, जातच नाहीत.”

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, लांबच्या रस्त्याची कुजबुज. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण तो थांबला की कान लगेच दचकतो. दोन वेगवेगळ्या टेकमधली वाक्यं उचलून शेजारी ठेवली आणि मधे काहीच नसलं, तर तिथे शांतता वाटत नाही, खड्डा वाटतो. म्हणून साउंडवाले प्रत्येक जागी शूट संपताना सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करतात आणि त्याच माइकनं नुसती खोली रेकॉर्ड करतात. त्याला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये तो संवादांच्या खाली पसरला की ही भोकं बुजतात.

“मग रूम टोन घेतला नव्हता का?”

ती बराच वेळ गप्प होती. बॅगेच्या पट्ट्याची शिलाई नखानं उसवत होती.

“तो मागत होता. साउंडवाला. म्हणाला, तीस सेकंद द्या. उजेड चालला होता, बाहेरचा सीन बाकी होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, आता हे नको काढूस.”

“मग आता त्याला विचारलंस?”

“नाही.”

“का?”

“तो म्हणेल, सांगितलं होतं ना.”

दोन रात्री ती भोकांशी झगडत नव्हती, त्या एका वाक्याशी झगडत होती. एकटीनं राबणं कितीही कष्टाचं असलं तरी ‘सांगितलं होतं ना’ ऐकण्यापेक्षा सोपं असतं. माझ्याकडे येणारी बरीच कर्तबगार मुलं या टोकाला आलेली असतात. मदत मागायची तर आधी आपली चूक उघडी करावी लागते. त्यापेक्षा जागलेलं बरं. आणि मग जागण्याचा राग बाकीच्यांवर निघतो.

तिथेच बसून आम्ही मेसेज लिहिला. तिचा पहिला मसुदा असा होता: “मला माहीत आहे तुम्ही सगळे बिझी आहात, पण निदान साउंडचं तरी...” मी म्हटलं, यात टोमणा किती आणि प्रश्न किती, मोज. दुसरा मसुदा जमला. ग्रुपवर न टाकता फक्त त्याला पाठवला: “तू तीस सेकंद मागितले होतेस, मी दिले नाहीत, तेही सगळ्यांसमोर. सॉरी. तिसऱ्या सीनमध्ये संवादांच्या मधे भोकं पडतायत. तू बघशील का? मला जमत नाहीये.” शेवटचे तीन शब्द तिनं दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले.

उत्तर रात्री आलं. पुढच्या भेटीत तिनं मला ते दाखवलं. “रूम टोन आहे. तुम्ही सामान घेऊन खाली गेलात तेव्हा घेतला. माइक अजून काढला नव्हता. रेकॉर्डरमध्ये शेवटची फाइल. कुणी विचारलं नाही म्हणून दिली नाही.”

ती रडली त्या दिवशी. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प राहिले.

पुढचं भराभर सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यांनीच केलं. सगळ्यांना माझ्यासमोर बोलवून निवाडा करणं मी टाळते. त्यातून कोर्ट उभं राहतं आणि मुलं वकिली करायला लागतात. त्याऐवजी त्यांनी एकत्र बसून रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, पाहिला. सहावा आला नाही, बाकी पाच होते. अट मी सुचवली होती: पहिल्यांदा पाहताना कुणी बोलायचं नाही, उपाय सुचवायचे नाहीत, जिथे लक्ष उडालं ती वेळ फक्त कागदावर लिहायची.

पाचांपैकी चौघांनी एकाच जागेची वेळ लिहिली होती. खिडकीचा शॉट. चाळीस सेकंदांचा, संध्याकाळचा उजेड नेमका यावा म्हणून तासभर थांबून घेतलेला. तिचा जीव की प्राण. न लिहिणारी पाचवी तीच होती. तो शॉट जिनं घेतला होता त्या कॅमेऱ्यावरच्या मुलीनंही लिहिलं होतं. “आपण तासभर थांबलो हे बघणाऱ्याला कुठे माहीत आहे?” असं ती म्हणाली म्हणे. शॉट नऊ सेकंदांवर आला. हे कापणं एकट्यानं होत नाही. शूटच्या दिवशीचा घाम ज्याच्या अंगाला आहे त्याला तो शॉट मोठाच दिसतो, म्हणून तर दुसरे डोळे लागतात.

त्याच बैठकीत प्रत्येकानं आपला वाटा किती टक्के, हे चिठ्ठीवर लिहिलं. पाच चिठ्ठ्यांची बेरीज १८५ झाली. हे काही त्यांचंच नाही. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना घरच्या कामातला आपापला वाटा विचारला, तेव्हाही दोघांची बेरीज बहुतेकदा शंभर टक्क्यांच्या वर गेली होती. खोटं कुणी बोलत नसतं. आपण केलेलं आठवतं, दुसऱ्यानं केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. कॅमेऱ्यावरच्या मुलीनं ३५ लिहिले होते. कसले, असं विचारल्यावर कळलं, की दोन्ही रात्री घरी जाऊन मेमरी कार्डं रिकामी करणं, प्रत्येक क्लिप उघडून तपासणं आणि सगळ्या बॅटऱ्या चार्ज करणं ती एकटीच करत होती. दिग्दर्शिकेला वाटलं होतं ते होतंच आपोआप. तिनं आपले ८० खोडून ४५ केले. त्याहून खाली यायला ती तयार नव्हती, आणि मला वाटतं ते बरोबरही होतं.

सहाव्याचं मात्र सुटलं नाही. प्रॉडक्शनवाला मुलगा दुसऱ्या दिवसापासून आलाच नव्हता. फोन उचलत नव्हता. सगळ्यांच्याच बाबतीत ‘समजून घ्या’ म्हणणं मला पटत नाही, काही वेळा खरंच कुणीतरी हात झटकलेले असतात. मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. त्याला एकच छोटं, ठरावीक काम दे, तारखेसकट: श्रेयनामावलीतली नावं आणि आभार तपासून गुरुवारपर्यंत पाठव. नाही आलं तर शिक्षकांकडे सबमिशनच्या आधी जा, मार्क लागल्यावर नको. आणि जाताना स्वभावाचं वर्णन नेऊ नकोस, काय ठरलं होतं आणि काय झालं एवढंच ने. गुरुवारी काही आलं नाही. शिक्षकांनी त्याला वेगळं बोलावलं, पुढे काय झालं ते त्यांच्यातलं. फिल्मच्या शेवटी त्याचं नाव ‘लोकेशन’ या एकाच कामापुढे आहे, कारण ते त्यानं केलं होतं आणि चांगलं केलं होतं.

जी मुलं आत्ता शूटच्या आधीच्या आठवड्यात आहेत, त्यांनी एक संध्याकाळ काढून कामांच्या यादीशेजारी निर्णयांची यादी करावी. कुठे कुणाचं ऐकायचं, मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, घड्याळ कुणाच्या हातात, कॉपी कुणाकुणाकडे. शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा असायला माझी काही हरकत नाही, पण आवाजाबद्दलचा पहिला शब्द साउंडवाल्याचा असू द्या. तो तीस सेकंद मागेल. द्या.

सबमिशननंतर ती एकदा आली. झोप झालेली दिसत होती. बॅग खाली ठेवली. संकलनाच्या पाटीवर दोन नावं आली होती, तिचं आणि कॅमेऱ्यावरच्या मुलीचं, कारण शेवटचे सहा दिवस दोघी शेजारी बसल्या होत्या.

“खोटं कशाला बोलू मॅडम,” ती म्हणाली, “ते दुसरं नाव बघितलं की अजून खटकतं.”

“खटकू दे,” मी म्हटलं. “तिला हे बोललीस?”

“नाही अजून.”

मी डायरी उघडली आणि तिला पुढच्या आठवड्याची वेळ दिली.