फुजिई सोता: संगणकाने घडवलेला मुलगा?

तुम्ही बुद्धिबळवाले. शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, त्यातल्या फुजिई सोताने एकविसाव्या वर्षीच आठही मोठे किताब घेतले हे वाचलंत आणि विचारलंत, 'हल्ली सगळं संगणकच शिकवतो, मग यात त्या मुलाचं किती?' शंका रास्त आहे. मीही शोगीकडे बुद्धिबळातूनच आलो, त्यामुळे पहिली दोन वर्षं माझंही हेच मत होतं. आता नाही.

आधी खेळातला एक फरक सांगतो, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. शोगीचा पट ९ बाय ९ चा आणि प्रत्येकाकडे २० मोहरी. तुम्ही मारलेलं मोहरं तुमचं होतं आणि आपल्या पाळीला ते पटावर जवळपास कुठेही उतरवता येतं. म्हणून बुद्धिबळात डाव सरतो तसा पट रिकामा होऊन राजा आणि दोन प्यादी उरतात, तसं इथे होत नाही. शेवट जवळ येतो तशी मारामारी वाढते. दोघांचेही राजे उघडे पडलेले आणि प्रश्न एकच, कोण एका चालीने आधी मात करतो. बरोबरी फार क्वचित होते. एक प्यादं जास्त आहे, आता निवांत जिंकू, ही सवय घेऊन शोगी खेळायला बसलात तर पहिले पन्नास डाव हराल. मी त्याहून जास्त हरलो.

फुजिई मुरला तो या शेवटात. जन्म १९ जुलै २००२, आइची प्रांतातलं सेतो गाव. पाचव्या वर्षी आजीने शोगीचा पट समोर ठेवला. पुढे त्याला वेड लागलं ते त्सुमे-शोगीचं, म्हणजे प्रत्येक चालीला शह देत मात करायची कोडी. ही कोडी सोडवण्याची जपानमध्ये स्पर्धा असते आणि तिला व्यावसायिक खेळाडूही बसतात. २०१५ मध्ये सहावीतल्या या पोराने ती जिंकली आणि मग २०१९ पर्यंत सलग पाच वेळा जिंकली. संगणकाचा गंभीरपणे वापर त्याने सुरू केला तो २०१६ च्या सुमारास, व्यावसायिक होण्याच्या उंबरठ्यावर. म्हणजे पाया आधीच भरलेला होता. संगणकाने त्याची सुरुवातीची आणि मधल्या डावाची पारख सुधारली यात वाद नाही. पण संगणक तर सगळ्यांच्याच घरी आहे.

व्यावसायिक होणं म्हणजे काय तेही सांगायला हवं. बुद्धिबळात नॉर्म (स्पर्धेतली ठरावीक कामगिरी) आणि रेटिंग मिळवलं की ग्रँडमास्टर. वर्षाला किती व्हावेत याला बंधन नाही. शोगीत शोरेइकाई नावाची प्रशिक्षण संस्था आहे. आत शिरायला एखाद्या व्यावसायिकाचं शिष्यत्व लागतं. फुजिईचे गुरू सुगिमोतो मासाताका. शेवटची पायरी तिसऱ्या दानाच्या (दान म्हणजे दर्जा) खेळाडूंची लीग, सहा महिन्यांत १८ डाव, आणि वर येतात फक्त पहिले दोन. म्हणजे वर्षाला साधारण चार जण. सव्विसाव्या वर्षापर्यंत जमलं नाही तर बहुतेकांना गाशा गुंडाळावा लागतो. आयुष्याची पंधरा वर्षं त्यात घालवून रिकाम्या हाताने बाहेर पडणारे कितीतरी आहेत. फुजिईने ही लीग पहिल्याच खेपेला १३-५ अशी जिंकली आणि १ ऑक्टोबर २०१६ ला तो चौथा दान, म्हणजे व्यावसायिक झाला. वय १४ वर्षं २ महिने. सर्वात लहान वयात व्यावसायिक होण्याचा आधीचा विक्रम १९५४ मधला, कातो हिफुमी यांचा. योगायोग असा की त्याचा पहिला अधिकृत डाव पडला तोही या कातोंशीच, २४ डिसेंबर २०१६ ला. समोर ७६ वर्षांचे आजोबा. नातू जिंकला. तिथून जिंकतच राहिला, सलग २९ डाव, २८ चा जुना विक्रम गाठला आणि वर एक जास्त.

हे २९ सगळ्यांना माहीत असतं. मला त्याच्या कारकिर्दीत जास्त रस वाटतो तो एका अपयशात. व्यावसायिकांची श्रेणीनिहाय लीग असते, क-२, क-१, ब-२, ब-१ आणि वर अ. अ मध्ये पहिला येईल त्यालाच मेइजिन किताबासाठी लढता येतं, आणि वर्षाला एकच श्रेणी चढता येते. म्हणजे कितीही अचाट खेळाडू असला तरी पहिली चार-पाच वर्षं त्याला मेइजिनचं दार बंदच. २०१८-१९ मध्ये क-१ मध्ये फुजिईने १० पैकी ९ डाव जिंकले. चौघांचे गुण सारखे, जागा दोन. अशा वेळी आदल्या वर्षीचा क्रमांक बघतात. फुजिई खालच्या श्रेणीतून नवा आलेला, तो राहिला. वर गेलेल्या दोघांपैकी एक कोण? पन्नाशीचे गुरू सुगिमोतो! पुढच्या वर्षी फुजिई १०-० करून वर गेला. मेइजिन मिळाला १ जून २०२३ ला, २० वर्षं १० महिन्यांचा असताना. तरीही तो सर्वात तरुण मेइजिन ठरला, यावरून काय ते समजा.

आता तुमच्या संगणकाच्या मुद्द्याकडे. २८ जून २०२०, किसेई किताबाचा दुसरा डाव, समोर वातानाबे आकिरा. ५८ व्या चालीला फुजिईने हातातलं 'गिन', म्हणजे चांदीचा सेनापती, बचावासाठी मागे उतरवलं. बघणाऱ्यांना ती माघार वाटली. नंतर एका बलाढ्य प्रोग्रॅमला ती स्थिती दिली तर बराच वेळ ही चाल त्याच्या यादीतच नव्हती. ६० कोटी स्थिती तपासल्यावर ती एकदम पहिल्या क्रमांकावर आली. फुजिईने घेतली होती २३ मिनिटं. यावरून तो यंत्रापेक्षा भारी असं कुणी म्हणत असेल तर तो भाबडेपणा आहे, आजचं यंत्र त्याला सहज हरवेल. पण घोकलेली चाल ही नव्हे, एवढं नक्की. त्याच वर्षी जुलैत, अठरा पूर्ण व्हायच्या आधी, हाच किसेई त्याचा पहिला किताब म्हणून नावावर लागला.

आठवा किताब, ओझा, ११ ऑक्टोबर २०२३ ला क्योतोत नागासे ताकुयाकडून घेतला. तो डाव जरूर बघा. नागासे हा त्याचा वर्षानुवर्षांचा सरावाचा सोबती, आणि मालिका जिंकला असता तर सलग पाचव्या ओझासह त्याला कायमचा मान मिळणार होता. नागासेने जवळपास जिंकलेला डाव होता. दर चालीला एक मिनिट अशा घड्याळावर एक चाल चुकली आणि चुकल्याचं त्याला लगेच कळलं. पुढे स्वतःचे केस ओढत बसलेला नागासे बघवत नाही. आठपैकी आठ यात नशिबाचाही वाटा होता तो असा.

आणि ते टिकलं २५४ दिवस. २० जून २०२४ ला एइओ किताब इतो ताकुमीने ३-२ असा काढून घेतला. हा इतो फुजिईपेक्षा तीन महिन्यांनी लहान. तिसरीत असताना मुलांच्या एका स्पर्धेत त्याने फुजिईला हरवून रडवलं होतं, ही गोष्ट जपानी पत्रकारांनी इतकी उगाळली की दोघांनाही वीट आला असेल. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्याआधीच्या नऊ महिन्यांत इतो फुजिईकडून रयूओ किताबाची लढत ०-४ हरला होता आणि किओच्या लढतीतही त्याला एकही डाव जिंकता आला नव्हता. तरी तिसऱ्यांदा समोर येऊन बसला. २०२५ च्या ऑक्टोबरात ओझाही त्यानेच घेतला. संगणक दोघांकडेही तोच होता.

शोगी शिकायची असेल तर मोहऱ्यांवरच्या चिनी अक्षरांना घाबरू नका. ज्यांवर बाण काढलेले असतात असे लहान मुलांचे संच मिळतात, फुजिईनेही तसाच वापरला होता. आणि रोज तीन चालींत मात होणारी पाच कोडी सोडवा, मोहरी न हलवता.