वाचायला शिकणं वेगळं, पुस्तक आवडणं वेगळं

"शाळेतल्या वाचनाची त्याला धास्ती बसली होती म्हणून आम्ही त्याला घरी शिकवायला घेतलं. आता तर तो पुस्तक बघितलं तरी खोलीतून उठून जातो. मग मी पुस्तकं ऐकवायला लागले. ती तासन् तास ऐकतो. पण ऐकायचीच सवय लागली तर तो कधीच वाचणार नाही ना?"

मुलगा नऊ वर्षांचा. डिस्लेक्सियाचं, म्हणजे अक्षरं आणि ध्वनी जोडून वाचणं जड जाण्याच्या अडचणीचं, निदान रीतसर तपासणीतून झालेलं, डोळे आणि कान तपासून झालेले, दीड वर्षापासून शिक्षण घरीच. आईच्या प्रश्नात जी भीती आहे ती अशा जवळजवळ प्रत्येक घरात असते.

पहिल्या भेटीत त्याला मोठ्या अक्षरांतली दहा शब्दांची पट्टी दिली. 'किती' त्याने 'इकती' वाचलं, 'घर'चं 'धर' केलं, 'सूर्य'चं 'सूयर'. 'कमळ'मधली तिन्ही अक्षरं बरोबर ओळखली, पण क, म, ळ अशी सुटी सुटीच राहिली. तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर पहिलं निसटत होतं. पट्टी बाजूला ठेवली आणि आईने आणलेल्या मुंग्यांवरच्या पुस्तकातलं एक पान त्याला वाचून दाखवलं. तो भिंतीकडे बघत होता. चौथ्या वाक्याला भिंतीकडे बघतच म्हणाला, "रांग वासानं लागते. मध्येच पुसून टाकलं की त्या गोंधळतात." वाचन चालू राहिलं तशी त्याची खुर्ची हळूहळू टेबलाजवळ आली. आईला फार आनंद झाला. ती म्हणाली, "आवडलं ना? मग पुढची ओळ तू वाच बरं." खुर्ची जेवढी पुढे आली होती तेवढीच मागे गेली.

अडचण तिथे दिसली. या घरात प्रत्येक गोष्टीच्या शेवटी परीक्षा होती. झोपताना गोष्ट वाचायची आणि मध्येच थांबून "हा शब्द कोणता?" विचारायचं. त्याचं आवडतं पुस्तकच धड्याला घ्यायचं, म्हणजे गोडी लागेल. दहा पानं वाचली तर बक्षीस. आईचा हेतू प्रेमाचाच होता, पण मुलाने त्यातून एवढंच टिपलं होतं की पुस्तक उघडलं की आपण चुकणार.

म्हणून पहिला बदल अभ्यासाच्या पद्धतीत केला नाही. आधी दोन गोष्टींची फारकत केली. वाचायला शिकण्याचा पाठ टेबलावर, सकाळी, ठरलेल्या वेळी. पुस्तकांचा आनंद दुसऱ्या जागी, दुसऱ्या वेळी, आणि तिथे एकही प्रश्न विचारायचा नाही. पाठाचं साहित्य वेगळं, आवडीची पुस्तकं वेगळी. आवडीचं पुस्तक पाठाच्या टेबलावर येणार नाही, असं आईने मुलाला स्वतः सांगितलं. हे सांगणं महत्त्वाचं आहे. नुसतं मनाशी ठरवलं तर मूल कित्येक आठवडे सापळ्याची वाट बघत राहतं.

आता आईच्या प्रश्नाकडे. 1986 साली गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरांवरून शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, म्हणजे वाचून समजणं. यात बेरीज नसून गुणाकार आहे, हे ध्यानात घ्या. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. डिस्लेक्सियात मूळ अडचण पहिल्या बाजूला असते. शब्दातले ध्वनी सुटे करणं, जोडणं आणि अक्षराशी पटकन बांधणं जड जातं. दुसरी बाजू बहुतेक वेळा शाबूत असते. पण इतर मुलं नवे शब्द, लांब वाक्यं, जगाची माहिती पुस्तकांतून गोळा करत असताना हे मूल केवळ वाचता येत नाही म्हणून उपाशी राहिलं, तर ती बाजूही दुबळी होते. मग बाराव्या वर्षी शब्द उलगडता आले तरी अर्थ लागत नाही. ऐकलेली पुस्तकं ही दुसरी बाजू भरत असतात. वाचनाचा पाठ रोज चालू असेल तर ऐकण्याने आळस येत नाही. पाठ बंद करून नुसतं ऐकवणं मात्र पुरेसं नाही. शब्द उलगडायला शिकवावंच लागतं, ते आपोआप येत नाही.

1896 साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तो स्वतःच्या नावातली अक्षरंसुद्धा उलटसुलट लिहायचा. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकांना जे दिसलं, ते आपल्या मुलात आपल्यालाही दिसायला हवं.

पाठ दोन तासांचा होता, तो अर्ध्या तासावर आणला. आठवड्यातून पाच दिवस. पहिली तीन मिनिटं जुन्या दहा-बारा अक्षरपट्ट्या. मग पाच मिनिटं नुसता तोंडी खेळ, समोर कागद नाही: 'कमळ'मधला 'म' काढला तर काय उरलं? कळ. 'मगर'मधला पहिला 'म' काढला तर? गर. हा खेळ पालकांना पोरकट वाटतो आणि तोच आधी गाळला जातो. गाळू नका, अडचणीचं मूळ इथेच आहे. त्यानंतर आठेक मिनिटं एकच नवी गोष्ट: ताटलीतल्या वाळूत बोटाने मोठं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा उच्चार मोठ्याने करायचा. न बोलता गिरवलं तर ते नुसतं चित्र होतं, ध्वनी त्याला चिकटत नाही. मग त्याच अक्षराचे सात-आठ शब्द वाचायचे, चार शब्द आणि एक वाक्य ऐकून लिहायचं, आणि शेवटी फक्त शिकून झालेल्या अक्षरांचा चार-पाच ओळींचा मजकूर. असा मजकूर तयार मिळाला नाही तर आईने स्वतः लिहायचा. "नदी वर गेली" असल्या अर्थहीन ओळी मात्र नकोत, मुलाला ते लगेच कळतं.

क्रमाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण घरी सर्वांत जास्त चुका इथे होतात. बाराखडी सलग पाठ करून घेतली की एकसारखी दिसणारी आणि एकसारखी ऐकू येणारी अक्षरं एकदम अंगावर येतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य या जोड्यांतलं एक पक्कं झाल्यावर काही आठवड्यांनीच दुसरं आणावं. चिन्हांमध्ये आधी काना, मग दीर्घ वेलांटी, मग मात्रा, काना-मात्रा आणि उकार. ऱ्हस्व वेलांटी सर्वांत शेवटी. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर, म्हणून तर 'किती'चं 'इकती' होतं. दीर्घ वेलांटी आधी शिकवण्याचा आणखी एक फायदा आहे. 'आणि'सारखे मोजके शब्द सोडले तर मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घच असते, त्यामुळे नदी, गाडी, पाटी असे भरपूर शब्द लगेच हाताशी येतात. जोडाक्षरांत आधी स्त, म्ह, ग्ल यांसारखी, जिथे पहिल्या अक्षराची फक्त दांडी जाते. रफार अगदी शेवटी, कारण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि ऐकू येतो त्याच्या आधी. 'चाक' आणि 'चंद्र' यांतला च वेगळा उच्चारला जातो, पण लिहिला जातो एकच. मूल इथे अडलं तर चूक म्हणू नये, "या अक्षराचे दोन आवाज आहेत" एवढंच सांगावं.

तिसऱ्या महिन्यात गाडी घसरली. प्रगती बघून आईने ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं एकाच आठवड्यात घेतली. चार दिवसांत मुलगा 'गाडी'वरसुद्धा अडखळू लागला आणि पूर्वीची पोटदुखीची तक्रार परत आली. अशा वेळी जोर लावायचा नसतो. दोन आठवडे मागे जाऊन, जे पक्कं आहे तेच वाचायला दिलं. एक ढोबळ मोजमाप हाताशी ठेवा: शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त चुका होत असतील तर तो मजकूर त्याच्यासाठी कठीण आहे, बदला.

मजकूर सोपा असला तरी एकट्याने वाचायचा धीर नव्हता, म्हणून जोडीने वाचन सुरू केलं. दोघांनी एकाच वेळी, मुलाच्या वेगाने, मोठ्याने वाचायचं. एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने टेबलावर टिचकी मारायची, आईने गप्प व्हायचं. अडला तर चार-पाच सेकंद थांबून आईने शब्द सांगायचा, त्याने तो म्हणायचा, आणि दोघांनी परत सोबत पुढे जायचं. "नीट बघ", "कालच शिकलास ना" हे शब्द वर्ज्य. पहिले नऊ दिवस टिचकी वाजलीच नाही, आणि आईने ती मागितलीही नाही. त्या काळातला तिचा संयम हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग होता.

रंगीत काचा आणि डोळ्यांच्या व्यायामांबद्दल आईने विचारलं होतं. त्यांनी डिस्लेक्सिया कमी होत नाही, तो वेळ आणि पैसा पाठाला द्यावा. मोठा टाइप, शब्दांत आणि ओळींत जास्त मोकळी जागा आणि एकच ओळ दिसेल अशी खिडकी कापलेलं कार्ड यांनी मात्र काही मुलांना वाचन सोपं जातं, आणि हे करून बघायला काही लागत नाही.

आठ महिन्यांनी त्याचं वाचन अजून संथच आहे. शुद्धलेखनाच्या चुका पुढेही बराच काळ राहतील, हे आईला आधीच सांगितलं होतं. पण पोटदुखी थांबली आहे, आणि ऐकण्याची पुस्तकं तो स्वतः निवडतो. मुंग्यांवरून तो मधमाश्यांवर आणि तिथून समुद्रतळाच्या प्राण्यांवर गेला आहे.

गेल्या भेटीत आईने विचारलं, "आता थोडं वाचता येतंय, तर झोपतानाचं वाचून दाखवणं बंद करू का?" करू नका. तो ऐकतोय तोवर चालू ठेवा, तेरा-चौदा वर्षांचा झाला तरी. त्याला स्वतः वाचायला पेलेल त्या मजकुरापेक्षा त्याच्या समजेला पेलणारी पुस्तकं अजून बरीच वर्षं पुढे असतील. सध्या रात्री प्रकरणाचं नाव तो वाचतो, कारण ते त्याने स्वतःहून मागून घेतलं. बाकीचं सगळं आई.