जिनिंगमध्ये मनगट दुखावलं, भरपाई मिळेल का?

प्रश्न : जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात) कापसातली कवडी, म्हणजे खराब कापूस, निवडणं आणि टोपली भरून देणं हे माझं काम. पंधरा दिवसांपूर्वी भरलेलं टोपलं निसटताना हाताला हिसका बसला. तेव्हापासून अंगठ्याच्या मुळाशी सूज आहे, फडकं पिळलं तरी कळ येते. ठेकेदार म्हणतो मालीश कर. मालक म्हणतो, तू ठेकेदाराची बाई. भरपाई मिळेल का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, मालीश आजच थांबवा. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाजवळ एका अरुंद नळीतून जातात. दिवसभर अंगठा ताणून मनगट वाकवलं की नळीचं आवरण जाड होतं. चोळल्याने ते आणखी सुजतं. अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या बाजूने कळ उठली तर बहुतेक हेच दुखणं, डॉक्टर त्याला डी क्वेर्वेन म्हणतात. साध्या मनगटपट्ट्यात अंगठा मोकळा राहतो, म्हणून गुण येत नाही. अंगठाही धरून ठेवणारा स्प्लिंट (कडक आधारपट्टा) 3 ते 6 आठवडे लागतो. बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं, दिवसातून तीनदा. तरीही न उतरल्यास डॉक्टर नळीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात; शुगर असेल तर आधी सांगा. पऱ्हाटीची काडी टोचून हात लाल झाला, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता पैशाचं. फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्याने हंगामी धरला जातो, म्हणून ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू नाही. तुमचा मार्ग कर्मचारी भरपाईचा. आधी त्यासाठी 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा होता. त्याच तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आहेत. त्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कंडरांची सूज नाही. यादीबाहेरच्या आजाराला भरपाई तेव्हाच, जेव्हा तो कामावरच्या ठरावीक अपघातातून झाला. म्हणून तुमचा अर्ज त्या हिसक्यावरच उभा राहील. (जिचा हात हिसक्याविना हळूहळू दुखू लागला, तिने अपघाताची खोटी तारीख लावू नये. उलटतपासणीत ती टिकत नाही, आणि खरा त्रासही खोटा ठरतो.)

ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडी चिठ्ठीवर ‘अमुक तारखेला कामावर टोपलं निसटून हिसका’ असं लिहून घ्या, आणि किती दिवस काम बंद तेही. नुसतं ‘मनगट दुखते’ लिहिलं की दावा तिथेच कच्चा पडतो. शेजारी काम करणाऱ्या दोघींची नावं टिपून ठेवा. मग मालक आणि ठेकेदार दोघांनाही स्पीड पोस्टाने लेखी कळवा. ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडे मागता येते, तेव्हा मालकाचं म्हणणं टिकणारं नाही.

काम तीन दिवसांपेक्षा जास्त बंद हवं. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या 25 टक्के मिळतात : 12,000 मजुरीवर 3,000 रुपये. 28 दिवसांपेक्षा कमी बंद असेल तर पहिले तीन दिवस वगळतात. औषधोपचाराचा खर्च वेगळा, बिलं जपा. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. ‘हक्क सोडला’ असा कागद सही करून घेतला तरी तो कायद्याने रद्दबातल आहे.

वकिलाचा खर्च महिलांना माफ असतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा.