परसबाग : मिरच्यांचे प्रश्न, गोड आणि तिखट

या वेळच्या पत्रांत मिरचीच मिरची आहे, आणि त्यातही ढोबळीच्या तक्रारी जास्त. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : फेब्रुवारीत गच्चीवर ढोबळी मिरचीची रोपं लावली. झाडं तजेलदार आहेत, फुलंही येतात, पण चार दिवसांत देठासकट गळून पडतात. खत कमी पडतंय का? (नागपूर)

खत पुरेसं आहे, ऊन जास्त होतंय. ढोबळीला फळ धरायला दिवसा साधारण 21 ते 28 आणि रात्री 16 ते 20 अंश तापमान मानवतं. दिवसाचा पारा 32 च्या वर आणि रात्रीचा 24 च्या वर राहू लागला की परागकण निकामी होतात. फलधारणा झाली नाही की झाड फूल टाकून देतं. फेब्रुवारीत लावलेलं रोप फुलावर येतं तेव्हा नागपुरात उन्हाळा पेटलेला असतो. अशा वेळी युरिया दिलात तर पालाच माजेल आणि फुलं आणखी गळतील.

आता 50 टक्क्यांची शेडनेट बांधा, कुंडीत वाळल्या पानांचा दोन इंची थर द्या, पाणी सकाळी लवकर घाला. झाड तगेल, पण फळांची फार आशा धरू नका.

खरी मेख लावणीच्या वेळेत आहे. विदर्भात आणि देशावर बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टाकावं. पस्तीस-चाळीस दिवसांत रोपाला पाच-सहा पानं येतात, तेव्हा ते कुंडीत हलवावं. म्हणजे फुलं थंडीत येतात. मुंबई-ठाणे आणि कोकणपट्टीत ऑक्टोबरातल्या रात्रीही उकाड्याच्या, म्हणून तिथे बी पंधरा-वीस दिवस उशिरा टाकलेलं बरं. मात्र नागपूर-नाशिककडे कडाक्याच्या थंडीतही गडबड होते. रात्री 12 अंशांच्या खाली गेल्या की फळं चपटी, वेडीवाकडी आणि जवळजवळ बिनबियांची धरतात. तेवढे दिवस कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते.

बी घेताना कॅलिफोर्निया वंडर, किंवा बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या अर्का मोहिनी आणि अर्का गौरव या सरळ (संकरित नसलेल्या) जाती बघा. उन्हाळ्यातही कमी तिखट मिरची हवीच असेल तर भज्यांची भावनगरी लावा, ती ढोबळीपेक्षा पुष्कळ काटक.

प्रश्न : कुंडी केवढी घ्यावी आणि माती कशी भरावी? (सातारा)

लवंगी आणि ज्वालाला 10 इंची कुंडी चालते, ढोबळीला 12 इंचांपेक्षा लहान नको. चार भाग पोयट्याची माती, तीन भाग चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, तीन भाग कोकोपीट, आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, नाहीतर त्यातल्या क्षारांनी कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. ओलं शेण घालू नका, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला ते आमंत्रणच.

प्रश्न : लवंगीच्या शेजारी ढोबळी लावली आहे. शेजारणी म्हणतात, आता ढोबळी तिखट होणार. खरं आहे का? (सांगली)

यंदाची नाही होणार. पुढच्या वर्षी मात्र होऊ शकते.

मिरचीचा तिखटपणा, म्हणजे कॅप्सायसिन, तयार होतो फळाच्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात, ज्याला बिया चिकटलेल्या असतात तिथे. बिया स्वतः तिखट नसतात, गाभ्याला लागून असल्यामुळे माखलेल्या असतात. हा गाभा, साल, गर हे सगळं आईझाडाचंच अंग. मधमाशीने लवंगीचा पराग आणून ढोबळीच्या फुलावर टाकला तरी त्याचा परिणाम फक्त आतल्या बीमध्ये उतरतो. ढोबळी मिरची ढोबळीच लागते.

तेच बी जपून पुढच्या हंगामात लावलंत तर भाजीत ठसका लागेल. ढोबळीचं बिनतिखट असणं हा अप्रभावी गुण आहे. आईबापांपैकी एक जरी तिखट असला तरी पहिल्या पिढीची मिरची तिखट निघते. म्हणून बी धरायचं असेल तर कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिच्यावर मलमलीची छोटी पिशवी बांधा आणि सकाळी फांदीला दोन टिचक्या मारा. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे ते चुकून भाजीत जाणार नाही.

प्रश्न : पानं आक्रसली आहेत, शेंडा वाढत नाही. बोकड्या म्हणतात तो हाच का? औषध कोणतं? (बारामती)

बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हे लक्षणाचं नाव आहे. कारणं तीन, आणि औषध कारणावर ठरतं. आधी पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा.

कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल आणि मागच्या बाजूला चंदेरी-तपकिरी ओरखडे असतील तर ते फुलकिडे. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा, बारीक पिवळट किडे कागदावर पळताना दिसतात. कडा खाली वळल्या असतील, देठ लांबट झाले असतील आणि पान चिवट, जाडसर लागत असेल तर पिवळा कोळी. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट भिंग लागतं. पानं बारीक, दाटीवाटीने आलेली, शिरा जाडावलेल्या आणि झाड खुजं राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीला पिवळे. फवारणीसाठी लिटरभर कोमट पाण्यात 1 ते 2 मिली पातळ साबण मिसळा, मग 5 मिली निंबोळी तेल घालून दुधाळ होईपर्यंत ढवळा. संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूने, पाच-पाच दिवसांनी तीनदा. एकदा फवारून कंटाळणारेच ‘नीमतेलाचा उपयोग नाही’ म्हणतात. अंड्यांतून निघणारी पुढची फळी दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीलाच सापडते. कोळ्यावर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. पण कडक उन्हाळ्यात गंधक नको, आणि तेल व गंधक यांच्या फवारणीत दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं भाजतात.

विषाणूला औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाकून द्या, बादलीभर फवारण्या करत बसू नका. जाता जाता एक : तंबाखू मळलेल्या हातांनी मिरचीच्या रोपांना हात लावू नये. तंबाखूतला मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो.

प्रश्न : ढोबळीच्या बुडाशी काळपट, खोलगट डाग पडतोय. अंड्याची टरफलं घालूनही थांबत नाही. (पुणे)

हा रोग नव्हे. वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, एवढंच. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं, म्हणून दोन दिवस कुंडी कोरडी आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब, अशा पाण्याने मातीत कॅल्शियम असूनही ते वेळेवर मिळत नाही. टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, या बहराला ती कामाची नाहीत.

बोट दोन पेरं मातीत घाला. तिथे कोरडं लागलं की पाणी द्यायचं, तळातून थोडं निथळेपर्यंत. सोबत कॅल्शियम नायट्रेट लिटरला 2 ग्रॅम, कुंडीला अर्धा लिटर, दहा-बारा दिवसांनी. ते 0:52:34 या विद्राव्य खताबरोबर (त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतं) एकाच झारीत कालवू नका, कॅल्शियम आणि स्फुरद मिळून तळाशी साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. डाग पडलेली फळं काढून टाका. डाग बुडाशी नसून उन्हाकडच्या कुशीला, पांढरट आणि कागदासारखा असेल तर ते मात्र ऊन लागलंय. तिथे सावली करा.

प्रश्न : पाकिटावर लाल मिरचीचं चित्र होतं, माझ्या झाडाला हिरव्याच येतात. (ठाणे)

हिरवी ढोबळी ही कच्ची ढोबळी. पूर्ण आकार आल्यावर लाल किंवा पिवळी व्हायला अजून तीन-चार आठवडे लागतात. तोवर फळं झाडावर ठेवली की नवी फुलं कमी येतात, म्हणून झाडावर चार-पाचच राखा आणि बाकीची हिरवी तोडा. निम्मी रंगलेली मिरची तोडून घरात ठेवली तरी पुढे रंगते, पूर्ण हिरवी तोडलेली धड रंगत नाही.

प्रश्न : वाण्याकडच्या सुक्या ब्याडगीचं बी लावलं तर तशीच मिरची येईल का? (कोल्हापूर)

बी वर्षाच्या आतलं आणि उन्हात वाळवलेल्या मिरचीचं असेल तर उगवेल. भट्टीवर वाळवलेली असेल तर भरवसा नाही. ब्याडगीला रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, पण शेतात शेजारी कुठली मिरची होती हे आपल्याला कळत नाही, त्यामुळे एखादं झाड वेगळं निघतं. दहा रोपं करून मनासारखी तीन ठेवा.

प्रश्न : भूत जोलोकियाचं बी पंधरा दिवस झाले, उगवत नाही. (सावंतवाडी)

थांबा. आपल्या नेहमीच्या मिरच्या आठ-दहा दिवसांत उगवतात, ही वेगळ्या प्रजातीची आहे. तिला तीन ते पाच आठवडे आणि 28-30 अंशांची ऊब लागते. ओल कायम ठेवा, चिखल नको, नाहीतर बी कुजतं. पुढे अर्धवट सावली आणि दमट हवा तिला आवडते, तेव्हा तुमच्याकडे ती नागपूरपेक्षा सुखात राहील. 2007 मध्ये गिनीज बुकने तिची सर्वांत तिखट म्हणून नोंद केली, तेव्हा ती 10 लाख स्कोव्हिलच्या (हे तिखटपणा मोजायचं एकक) वर भरली होती. मिरच्या तोडताना, चिरताना हातमोजे घाला. हात पेटलेच तर नुसतं पाणी ओतून उपयोग नाही : आधी खोबरेल चोळा, मग साबणाने धुवा. कॅप्सायसिन तेलात विरघळतं.

प्रश्न : बहर संपला. लवंगीचं झाड उपटायचं की ठेवायचं? (चिपळूण)

निरोगी असेल तर ठेवा, मिरची बहुवर्षायू आहे. पहिल्या बेचक्याच्या वर चार बोटं ठेवून छाटा, प्रत्येक फांदीवर दोन-तीन पानं राहू द्या. वरची दोन इंच माती काढून तेवढंच गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. नवी फूट येईपर्यंत पाणी निम्मं. बोकड्या झालेलं झाड मात्र छाटून ठेवू नका, आणि ढोबळीच्या बाबतीत हा खटाटोप सहसा परवडत नाही.